एकविसाव्या वाढदिवसाची फाईल

मुलाचा व्हिसा बदलायच्या अर्जाची ऑनलाइन फी ४२० डॉलर आहे, हे मी मोठ्यानं वाचून दाखवलं तेव्हा नवरा म्हणाला, "निदान आकडा तरी प्रामाणिक ठेवलाय."

सप्टेंबर २०२४ ची संध्याकाळ. जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप, शेजारी निळी फाईल, तिच्यावर माझ्या अक्षरात मुलाचं नाव. मुलगा तेव्हा वीस वर्षांचा. १७ मार्च २०२५ ला तो एकवीस पूर्ण करणार होता आणि त्या दिवसापासून अमेरिकेच्या कायद्याच्या लेखी तो आमचं 'मूल' राहणार नव्हता. आमचं मूल नाही म्हणजे नवऱ्याच्या नोकरीच्या एच-वन व्हिसाला जोडलेला, बायकामुलांचा एच-फोर नाही, आणि एच-फोर नाही म्हणजे या देशात राहायला कारण नाही. इकडे याला 'एजआउट' म्हणतात. शब्द इतका रुळलाय की आमच्या बायकांच्या गप्पांत "तुमचा कधी एजआउट होतोय?" हे "तुमचा बारावीला कधी?" याच सुरात विचारलं जातं.

आम्ही न्यू जर्सीत आलो ते ऑगस्ट २०१० मध्ये. मुलगा साडेसहा वर्षांचा होता. मिरजेच्या शाळेत तो पहिलीचे दोन महिने बसला होता, त्यामुळे त्याला 'कमळ' लिहिता येत होतं आणि 'बदक' येत नव्हतं. आजही त्याची मराठी लिपी साधारण तिथंच थांबलीय. धाकटी २०१२ ची, इथलीच. त्यामुळे आमच्या कपाटाच्या एकाच खणात दोन देशांचे पासपोर्ट असतात. दोन्ही निळे. घाईत नेहमी चुकीचा हाताला लागतो.

नवऱ्याच्या कंपनीनं ग्रीन कार्डाची प्रक्रिया सुरू केली, त्यात आमची प्रायॉरिटी डेट, म्हणजे रांगेतली जागा ठरवणारी तारीख, पडली ९ मार्च २०१५. ही तारीख आमच्या घरात लग्नाच्या तारखेपेक्षा जास्त वेळा उच्चारली गेली असेल. नोकरीच्या वाट्याची वर्षाला साधारण १,४०,००० ग्रीन कार्डं, त्यात बायकामुलंही मोजायची, आणि कुठल्याही एका देशाला साधारण सात टक्क्यांच्या वर नाही. भारताला सात टक्के आणि आइसलँडलाही सात टक्के. मग दर महिन्याला व्हिसा बुलेटिन निघतं, त्यात आपल्या रांगेची तारीख कुठवर आली ते बघायचं. पूर्वी माझे आजोबा पंचांग बघायचे, तसंच हे. फक्त पंचांगातली तारीख मागे जात नाही.

दोनदा आमच्या दारापर्यंत आलं. नोकरीच्या रांगेत शिक्षण-अनुभवाप्रमाणे श्रेण्या असतात; आमची दुसरी, पण तिसरीतूनही अर्ज टाकता येत होता. ऑक्टोबर २०२० मध्ये तिसऱ्या श्रेणीची अर्ज भरायची तारीख एकदम १ जानेवारी २०१५ पर्यंत आली. आमच्या इमारतीतल्या दोन कुटुंबांनी रात्रीचा दिवस करून कागद भरले. आम्ही दोन महिन्यांनी मागे. "पुढच्या महिन्यात येईल की," म्हणत आम्ही त्यांच्या पोरांच्या लसीकरणाचे दाखले स्कॅन करून द्यायला गेलो. मग २०२२ च्या उन्हाळ्यात आमच्या, म्हणजे दुसऱ्या श्रेणीची तारीख १ डिसेंबर २०१४ वर येऊन उभी राहिली. तीन महिने आणि आठ दिवस. मुलगा त्याच जूनमध्ये बारावी झाला होता. मी देवापुढं नारळ ठेवला आणि त्याला सांगितलं नाही. ऑक्टोबरात तारीख १ एप्रिल २०१२ वर घसरली, डिसेंबरात ८ ऑक्टोबर २०११ वर. नारळ शेवटी बर्फीत गेला.

लहान असताना पोराला यातलं काही कळत नव्हतं. कळायला लागलं ते सोळाव्या वर्षी. वर्गातली सगळी पोरं उन्हाळ्यात आइस्क्रीमच्या दुकानात, पोहण्याच्या तलावावर कामाला लागली. एच-फोरवरच्या मुलाला काम करता येत नाही, त्याला नोकरीला लागणारा सरकारी क्रमांक, सोशल सिक्युरिटी नंबरच नसतो. २०१५ पासून आमच्यासारख्या काही बायकांना वर्क परमिट मिळायला लागलं, त्यामुळे मी पाळणाघरात नोकरी करत होते. त्याच व्हिसावर असलेल्या माझ्या मुलाला मात्र शेजाऱ्याचं गवत कापूनही पैसे घ्यायची चोरी. "आई, तू काम करू शकतेस, मी का नाही?" याचं उत्तर मी कायद्याच्या भाषेत दिलं होतं. त्याला ते पटलं नाही. मला तरी कुठं पटलं होतं.

त्या उन्हाळ्यात आमच्या घरी अजून एक पोरगा रिकामा बसलेला असे. मुलाचा सातवीपासूनचा मित्र, ग्वाटेमालाचा. दोन वर्षांचा असताना, २००६ मध्ये, आईच्या कडेवरून सीमा ओलांडून आलेला. कागद कसलाच नाही. त्याचे वडील छपरांची कामं करतात, आई घरं झाडते-पुसते. भाजी-भाकरी तो आमच्याकडे आवडीनं खायचा आणि भाकरी फुगली की स्वतःच्या आईचं नाव घ्यायचा.

आता एक कबूल करायला पाहिजे. त्याला कागद नाहीत हे मला कळलं तेव्हा माझ्या मनात पहिल्यांदा जे आलं ते चांगलं नव्हतं. आम्ही आलो तेव्हाच, डिसेंबर २०१० मध्ये, अशा मुलांसाठीचं ड्रीम अ‍ॅक्टचं विधेयक सेनेटमध्ये अडकलं: बाजूनं ५५, विरोधात ४१, आणि लागत होती ६०. तेव्हा मला त्यातलं काही कळत नव्हतं. जून २०१३ मध्ये मात्र कळत होतं. सेनेटनं मोठं स्थलांतर विधेयक ६८ विरुद्ध ३२ नं मंजूर केलं, त्यात कागद नसलेल्यांना नागरिकत्वापर्यंतची वाट होती. त्या आठवड्यात एका मराठी घरी जेवणाला मीच म्हणाले होते, "आम्ही रांगेत उभं राहायचं आणि हे मागच्या दारानं आत." चार जणींनी माना डोलावल्या. त्याच विधेयकात नोकरीच्या ग्रीन कार्डांवरची देशवार मर्यादा काढायची आणि बायकामुलांना मोजणीतून वगळायचं होतं, म्हणजे आमचीच रांग मोकळी व्हायची होती, हे मला पुढं सात-आठ वर्षांनी कळलं. खालच्या सभागृहानं ते विधेयक मतदानालाच घेतलं नाही. माझ्या मताची तिथं कुणाला गरज नव्हतीच, पण मी ते दिलं होतं.

त्या पोराचं पुढं काय झालं ते सांगते. ओबामांच्या काळात २०१२ मध्ये डाका नावाची सोय झाली: लहानपणी आणलेल्या, कागद नसलेल्या मुलांना दोन-दोन वर्षांची तात्पुरती मुभा आणि कामाचा परवाना. अर्जाला लागणारी पंधरा वर्षं याची पूर्ण झाली तोवर नवे अर्ज बंद. डिसेंबर २०२० मध्ये कोर्टाच्या आदेशानं पुन्हा उघडले, तेव्हा त्याच्या आईनं ४९५ डॉलर साठवून जानेवारीत अर्ज टाकला. जुलै २०२१ मध्ये टेक्सासच्या न्यायाधीशांनी नवे अर्ज मंजूर करायला मनाई केली. अर्ज तिथंच पडून राहिला. आमची तारीख मागे जाते, त्याची हलतच नाही. दोन पोरं आमच्या सोफ्यावर बसून यावर विनोद करायची. ते विनोद मला कळायचे, पण हसू यायचं नाही.

तर फाईल.

वकीलबाईंनी दोन वाटा सांगितल्या. एक, मुलानं भारतात जाऊन मुंबईच्या वकिलातीत विद्यार्थी व्हिसा, म्हणजे एफ-वन घ्यायचा आणि परत यायचं. नाकारला तर तो तिकडे, आम्ही इकडे, आणि पदवीचं तिसरं वर्ष मधेच लटकलेलं. दुसरी, इथंच राहून एच-फोरचा एफ-वन करून घ्यायचा. पण अर्ज प्रलंबित असताना देशाबाहेर पाऊल टाकलं तर अर्ज सोडून दिला असं धरतात. आणि वाढदिवसानंतर नकार आला तर त्या दिवसापासून तो बेकायदा. म्हणजे सोफ्यावरच्या मित्राच्या शेजारी, हे वकीलबाई म्हणाल्या नाहीत, माझं मीच जोडलं.

आम्ही दुसरी वाट घेतली. विद्यापीठाकडून आय-ट्वेंटी नावाचा कागद काढायचा, त्यासाठी वर्षभराचा खर्च खात्यात दाखवायचा. नोंदणीचे ३५० डॉलर, अर्जाचे ते ४२०. इथवर सगळं पैशाचं काम, त्रास फक्त खिशाला.

खरी गंमत पुढच्या कागदात होती. विद्यार्थी व्हिसा तात्पुरता, त्यामुळे शिक्षण झालं की मी माझ्या देशी परत जाणार, तिकडे माझं घर आहे, माणसं आहेत, हे मुलानं लिहून द्यायचं आणि पुराव्यानिशी दाखवायचं. साडेसहाव्या वर्षी आलेल्या, बास्केटबॉलचे आकडे तोंडपाठ असलेल्या पोरानं. वकीलबाईंनी विचारलं, "भारतात काही मालमत्ता?" नवऱ्यानं मिरजेच्या चुलत भावाला फोन लावला आणि दोन दिवसांत सातबारा उतारा आला.

अडीच एकर, त्यावर चौदा नावं. त्यातली पाच वारलेली. सासऱ्यांचं नाव कमी करून वारसांची लावायची राहिलेली, ते बघून नवरा चुलत भावावर फोनवरच ओरडला. अमेरिकेच्या सरकारनं एवढा फायदा केला म्हणायचा. भाषांतर मी केलं. 'जिरायत', 'विहिरीत हिस्सा', इथपर्यंत जमलं. 'पोटखराबा'ला तासभर अडले. शेताच्या पोटातली न पिकणारी जमीन, असं काहीतरी लिहून दिलं. मुलानं विचारलं, "यातली माझी कुठली?" नवरा म्हणाला, "बहुतेक पोटखराब्यातली."

पत्र त्यानं स्वतः लिहिलं. मिरजेला आजीचं घर आहे, आजी एकटी असते, शिक्षण झाल्यावर मी तिथं जाणार. खोटं नव्हतं. आजीशी तो दर रविवारी बोलायचा, मोडक्या मराठीत, आणि त्या त्याला "जेवलास का रे बाळा?" एवढं एकच पाच वेळा विचारायच्या. पण खरंही नव्हतं. कायदा ज्या सुरात ते मागत होता, त्या सुरात ते कुणाचंच खरं नसतं.

ऑक्टोबरात अर्ज गेला. जानेवारी २०२५ मध्ये सासूबाई गेल्या.

नवरा एकटा गेला. त्याच्या पासपोर्टवर व्हिसाचा शिक्का शिल्लक होता म्हणून तेवढं तरी जमलं. मुलाला जाता येत नव्हतं. गेला असता तर अर्ज रद्द, आणि पत्रातलं घर खरंच त्याचं झालं असतं, फक्त आजीशिवाय. दहाव्या दिवशी घाटावरून व्हिडिओ कॉल केला तेव्हा इथं मध्यरात्र होती. कावळा शिवत नव्हता. मुलगा इकडून म्हणाला, "बाबा, तिला सांगा ना मी येईन म्हणून." नवऱ्यानं सांगितलं. कावळा शिवला की नाही ते दिसलं नाही, नेटवर्क गेलं. नवरा नंतर शिवला म्हणाला. मी जास्त विचारलं नाही.

वकीलबाईंना कळवलं तेव्हा त्यांनी सांत्वन केलं आणि मग हळूच विचारलं, घर अजून कुटुंबाच्याच नावावर आहे ना.

५ फेब्रुवारीला अमेरिकन लष्कराचं विमान १०४ भारतीयांना घेऊन अमृतसरला उतरलं. हातापायांत बेड्या. त्यात बहुतेक हरयाणा, गुजरात, पंजाबचे, पण तिघे महाराष्ट्रातले. आमच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर पहिल्या तासात जे आलं ते मी इथं लिहीत नाही. मथितार्थ एवढाच, की बरं झालं, यांच्यामुळे आपलं नाव खराब होतं. बारा वर्षांपूर्वी मी टाळी दिली असती. मुलानं बातमी वाचून विचारलं, "ते तिघे कुठले?" मला माहीत नव्हतं. कुणीच विचारलं नव्हतं. तो म्हणाला, "त्यांच्याकडे पण सातबारा असेल ना?" असेल. एजंटाला द्यायला गहाण पडलेला असेल किंवा विकलेला असेल. लाखांत पैसे मोजून लोक जंगलातून चालत येतात, ते घरी काही नाही म्हणून येत नाहीत. जे होतं ते विकून येतात.

मार्च उजाडला तरी उत्तर नाही. बुलेटिनमध्ये आमची रांग १ डिसेंबर २०१२ वर होती, म्हणजे ९ मार्च २०१५ च्या सव्वादोन वर्षं मागे. ग्रीन कार्डासाठीचा कंपनीचा अर्ज प्रलंबित राहिलेल्या काळाएवढं मुलाचं वय वजा करून देणारा एक कायदा २००२ पासून आहे, पण तारीख येईल तरच त्याचा उपयोग. आमच्या खात्यात चार महिने वजावट होती. ती एखाद्या बंद पडलेल्या बँकेच्या ठेवपावतीसारखी फाईलच्या शेवटी लावून ठेवली आहे.

६ मार्चला दुपारी पाळणाघरात पोरांना झोपवत असताना फोन थरथरला. मंजूर. वाढदिवसाला अकरा दिवस शिल्लक. मी खुर्चीत बसले आणि समोरच्या दोन वर्षांच्या पोरीच्या पाठीवर थोपटत राहिले, ती केव्हाच झोपली होती. घरी शिरा केला. मुलगा म्हणाला, "चला, आता मी परदेशी विद्यार्थी." ज्या गावात शाळा शिकला त्याच गावच्या तळघरात बसून.

एप्रिलमध्ये देशभर हजारो परदेशी विद्यार्थ्यांच्या, ज्यांवर त्यांचं इथं राहणं ठरतं त्या सरकारी नोंदी अचानक रद्द झाल्या, काहींच्या जुन्या ट्रॅफिक प्रकरणांवरून. आमच्या मुलाला बारावीत वेगाचा एक दंड झाला होता. तीन आठवडे आम्ही रोज सकाळी विद्यापीठाच्या पोर्टलवर त्याची नोंद जिवंत आहे का ते बघत होतो. महिनाअखेरीस कोर्टकज्जे झाल्यावर सरकारनं त्या नोंदी परत सुरू केल्या. याची कधी रद्द झालीच नव्हती. पण त्या दिवसांत दारावर कुरिअरवाला आला तरी तो उठायचा नाही. मित्र सोफ्यावरून म्हणाला, "बघ, तू पण शिकलास. आधी खिडकी, मग दार."

जुलैत फीचं पत्र आलं. एच-फोरवर असताना तो राज्याचा रहिवासी होता, फी रहिवाशाची. एफ-वनवर गेला म्हणजे त्याचं घर कायद्यानं भारतात, त्यानं स्वतःच लिहून दिलंय, उताराही जोडलाय. तेव्हा पुढच्या वर्षाची शिकवणीची फी बाहेरच्यांची. दुपटीच्या वर.

तो मित्रही त्याच विद्यापीठात. त्याला रहिवाशाची फी. न्यू जर्सीनं २०१३ च्या शेवटी कायदा केला: तीन वर्षं इथल्या हायस्कुलात शिकून पास झाला असेल तर कागद नसले तरी रहिवाशाची फी. २०१८ पासून राज्याची शिष्यवृत्तीही. चांगला कायदा आहे. त्यात एक वगळणूक आहे: तात्पुरत्या व्हिसावरचे सोडून. माझा मुलगा इथं बारा वर्षं शाळेत गेला, पण त्याच्याकडे व्हिसा आहे.

दोन बिलं ओट्यावर शेजारी शेजारी पडलेली. मित्र दोन्ही आकडे बघून थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "आंटी, मी इतका स्वस्त आहे हे मला माहीत नव्हतं." माझ्या हातात उलथनं होतं. एक क्षण, खोटं कशाला बोलू, मला त्या पोराचा राग आला. माझी भाकरी खाऊन माझ्या पोराच्या निम्म्यात शिकतोय, असं मनात आलं. शब्दही तसेच, २०१३ चेच. तेवढ्यात माझा मुलगा म्हणाला की त्याला एका कंपनीत इंटर्नशिपचं विचारलंय, एफ-वनवर अभ्यासक्रमाचा भाग म्हणून ती करता येते. मित्रालाही त्याच कंपनीनं विचारलं होतं. त्याचे गुण याच्यापेक्षा चांगले. त्यानं नाही म्हणून कळवलं होतं, घरी अडचण आहे असं कारण देऊन, आणि शनिवारी वडिलांबरोबर छपरावर चढला होता. हे तो सांगत होता तेव्हा मला त्याच्या मानेवरची उन्हानं सोललेली कातडी दिसली. मी भाकरी उलटायची विसरले, ती करपली. ती मीच खाल्ली.

फीसाठी नवऱ्यानं रिटायरमेंटच्या खात्यातून कर्ज काढलं. मुलाला विद्यापीठाच्या ग्रंथालयात आठवड्याला वीस तासांचं काम मिळालं आणि त्यापायी एकविसाव्या वर्षी सोशल सिक्युरिटी कार्ड आलं. कार्डावर छापलेलं आहे: सरकारची परवानगी असेल तरच कामासाठी ग्राह्य. धाकटीचं कार्ड ती तान्ही असतानाच पोस्टानं आलं होतं, त्यावर नाव आणि नंबराखेरीज काही अट नाही. दोन्ही कार्डं तिनं शेजारी ठेवून बघितली आणि काही न बोलता खणात ठेवली.

दिवाळीत फराळाला बसलो असताना तिनं विषय काढला. शाळेत नागरिकशास्त्र शिकवतायत. "मी २०३३ मध्ये एकवीस होईन, तेव्हा मी तुम्हा दोघांना ग्रीन कार्ड देऊ शकते." नवरा म्हणाला, "तोवर मिळेल गं आम्हाला." चकली मोडत तो बुलेटिनकडे बघत नव्हता.

"आणि दादाला?"

"भावंडांची रांग वेगळी असते," मी म्हणाले.

तिनं फोन काढला, बुलेटिन शोधलं. भावंडांच्या रांगेत भारतासाठी अजून २००६ साल चालू होतं. तिनं बोटांवर काहीतरी मोजलं, पुन्हा मोजलं.

"दादा तेव्हा तुझ्याएवढा असेल गं, आई."